कंबरदुखी आणि ॲक्युपंक्चर: उपयोग होतो, पण कशाच्या तुलनेत?

तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुमची अडचण मला अशी समजली: वय 42, सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीला रोज दुचाकीने जाणे-येणे, ऑफिसात आठ-नऊ तास खुर्चीत बसून काम, आणि गेले आठ महिने कंबरेच्या खालच्या भागात दुखणे. दुखणे पायात उतरत नाही. एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी फुगलेली दिसली. गोळ्यांनी तेवढ्यापुरते बरे वाटते, पट्टाही वापरून झाला, आणि आता एका ॲक्युपंक्चर केंद्रात 20 सिटिंग्जचे पैसे आधीच भरायला सांगितले आहेत. याने खरोखर फरक पडतो की तो मनाचा समज असतो, आणि यंदा गणपतीत पथकात ढोल वाजवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ॲक्युपंक्चरचे रीतसर शिक्षण घेतले आहे आणि बरीच वर्षे पुण्यात दोन्ही पद्धतींनी रुग्णांवर उपचार करते आहे. सुया टोचण्याचे मी पैसे घेते, त्यामुळे या विषयात मला पूर्णपणे तटस्थ मानू नका. म्हणूनच माझे मत आणि अभ्यासांतून हाती आलेली माहिती या दोन गोष्टी मी शक्यतो वेगळ्या ठेवणार आहे. थोडक्यात उत्तर असे: तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या, मुळाशी गंभीर आजार नसलेल्या कंबरदुखीत ॲक्युपंक्चरने बऱ्याच जणांचे दुखणे मध्यम प्रमाणात कमी होते आणि तो फरक काही आठवडे ते काही महिने टिकतो. सुई अमुक एका बिंदूवर टोचली म्हणूनच हा फरक पडतो, असे म्हणायला मात्र पुरावा तोकडा आहे. आणि नुसत्या सुयांवर विसंबून राहिलेल्यांची कंबर बहुधा पुन्हा धरते.

खरा पेच असा की कोणत्याही उपचाराचा उपयोग कशाच्या तरी तुलनेतच मोजता येतो. 2007 साली जर्मनीतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दीर्घकाळ कंबर दुखणारे 1162 रुग्ण होते. एका गटाला पारंपरिक चिनी बिंदूंवर नेहमीच्या खोलीपर्यंत सुया टोचल्या, दुसऱ्या गटाला ते बिंदू मुद्दाम टाळून वरवर सुया टोचल्या, आणि तिसऱ्या गटाला औषधे, फिजिओथेरपी व व्यायाम असे प्रचलित उपचार दिले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातील 47.6 टक्के, दुसऱ्या गटातील 44.2 टक्के आणि तिसऱ्या गटातील 27.4 टक्के रुग्णांना ठरवलेल्या निकषाइतका आराम पडला होता. म्हणजे सुया टोचलेल्या दोन्ही गटांत प्रचलित उपचारांपेक्षा बरेच अधिक लोक सुधारले, पण 'खऱ्या' आणि 'खोट्या' सुयांमध्ये जवळपास फरक राहिला नाही.

दोन वर्षांनी अमेरिकेत 638 जणांवर असाच एक अभ्यास झाला आणि त्यातली खोटी सुई तर सुईच नव्हती. सुई घालायच्या बारीक नळीतून दात कोरायची काडी त्वचेला टेकवायची आणि थोडी फिरवायची, एवढेच केले होते. रुग्ण पालथे झोपलेले असल्यामुळे त्यांना ते दिसत नव्हते. आठ आठवड्यांनी सुया किंवा काड्या यांपैकी काहीही मिळालेल्या रुग्णांतील सुमारे 60 टक्के जणांच्या रोजच्या हालचालींत लक्षात येण्याजोगी सुधारणा होती; नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. प्रत्येक रुग्ण तपासून निवडलेले बिंदू, सर्वांसाठी एकच ठरवलेले बिंदू आणि काडी, या तिन्हींचे परिणाम जवळजवळ सारखे होते.

या आकड्यांवरून दोन टोकांची मते मांडली जातात. काही जण म्हणतात की काडीनेही तेवढाच गुण येत असेल तर हे सगळे थोतांड आहे. उलट बाजूचे म्हणतात की प्रचलित उपचारांपेक्षा दीडपट लोक बरे झाले, मग आणखी काय सिद्ध करायचे? मला दोन्ही मते अपुरी वाटतात. खोटी म्हणून वापरलेली सुई किंवा काडी म्हणजे 'काहीच न करणे' नव्हे. त्वचेला स्पर्श होतो, तिथल्या संवेदनातंतूंना चेतना मिळते, रुग्ण अर्धा तास निवांत पडून राहतो, कोणीतरी त्याचे शांतपणे ऐकून घेते, आणि बरे वाटेल अशी अपेक्षा त्याच्या मनात जागी होते. ही अपेक्षा म्हणजे भ्रम नव्हे. 1978 साली दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात असे दिसले की औषध नसलेल्या उपचाराने कमी झालेली वेदना नॅलॉक्सोन दिल्यावर पुन्हा वाढते. नॅलॉक्सोन हे अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध आहे. म्हणजे अपेक्षेमुळे शरीरात खरोखरीच वेदनाशामक द्रव्ये स्रवत होती. म्हणून 'मनाचा समज की खरा परिणाम' ही तुमची विभागणी वेदनेच्या बाबतीत तितकीशी लागू पडत नाही, असे मी म्हणेन. तुम्हाला वाटलेला आराम खराच असेल. त्या आरामाचे कारण म्हणून जे सांगितले जाते, ते खरे असेलच असे नाही.

या विषयातला सर्वांत व्यापक हिशेब 2018 साली मांडला गेला. त्यात कंबर, मान, गुडघे आणि डोकेदुखी यांवरच्या 39 चाचण्यांतील 20,827 रुग्णांची प्रत्येकाची स्वतंत्र माहिती एकत्र करून तपासली होती. ॲक्युपंक्चर न घेतलेल्यांच्या तुलनेत फरक स्पष्ट होता, खोट्या सुयांच्या तुलनेत तो लहान होता पण शून्य नव्हता, आणि वर्षभरानंतरही मिळालेल्या फायद्याचा बराचसा भाग टिकून होता. दुसऱ्या बाजूला, केवळ कंबरदुखीच्या 33 अभ्यासांचा, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा 2020 सालचा आढावा अधिक कठोर आहे: खोट्या सुयांच्या तुलनेत उपचारानंतर लगेच दुखण्यात रुग्णाला जाणवण्याइतका फरक पडतो असे म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

त्यामुळेच वेगवेगळ्या देशांच्या मार्गदर्शक सूचना एकमेकींशी जुळत नाहीत. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने 2009 साली कंबरदुखीसाठी 12 आठवड्यांत जास्तीत जास्त 10 सिटिंग्ज देण्याची शिफारस केली होती. 2016 साली तिनेच ती मागे घेऊन कंबरदुखीत ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी जे उपाय करून पाहावेत त्यांत ॲक्युपंक्चरचा समावेश केला, आणि जानेवारी 2020 पासून तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेत 90 दिवसांत 12 सिटिंग्जचा खर्च मिळू लागला. पुरावा दोघांसमोर साधारण तोच होता. ब्रिटिशांनी विचारले की ही पद्धत खोट्या सुयांपेक्षा सरस ठरते का, आणि उत्तर पुरेसे ठाम मिळाले नाही. अमेरिकेपुढे अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाचे संकट उभे होते, म्हणून त्यांनी विचारले की गोळ्यांना कमी धोक्याचा पर्याय कोणता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी पहिल्यांदा स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले, तेव्हा सुयांच्या उपचारांना सशर्त होकार दिला आणि पुराव्याची खात्री कमी असल्याचेही नोंदवले. त्याच मार्गदर्शनात कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे आपल्याकडे ज्याला 'वजन लावणे' म्हणतात ते, आणि अल्ट्रासाउंडचे शेक नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत असे म्हटले आहे. पुण्यात आजही कंबर दुखली की पहिल्या आठवड्यात यातले निदान दोन उपचार सुचवले जातात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

सुया टोचल्यावर शरीरात काय घडते याबद्दल थोडे. पारंपरिक चिनी विचारात 'ची' नावाची ऊर्जा शरीरातील मार्गांमधून वाहते आणि तिचा अडथळा दूर केला की दुखणे थांबते, असे मानतात. या मार्गांना शरीररचनेत आधार सापडलेला नाही. मी ते बिंदू पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताने तयार झालेला नकाशा म्हणून वापरते, त्याहून अधिक अर्थ त्यांना देत नाही. सुईने ऊतींना जी बारीक इजा होते तिच्यामुळे तिथे ॲडिनोसिन नावाचे द्रव्य वाढते आणि ते वेदनेचे संदेश मंदावते, असे 2010 साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसले. मेंदूतून मज्जारज्जूकडे येणारी वेदना दाबणारी यंत्रणा जागी होते आणि एंडॉर्फिन ही शरीरातलीच वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, याचे पुरावे 1970 च्या दशकापासून आहेत. आखडलेला स्नायू सैल पडतो हे तर हाताखालीच जाणवते. फुगलेली चकती मात्र सुईने आत जात नाही. कोणी तसे सांगत असेल तर ते चूक आहे.

चकतीचा विषय निघालाच आहे तर तुमच्या एमआरआयबद्दल बोलायला हवे, कारण तुमच्या लिहिण्यात दुखण्याइतकीच त्या अहवालाची धास्ती दिसते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय व सीटी स्कॅन तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे 30 टक्के, आणि चाळिशीतल्या माणसांपैकी सुमारे 50 टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली आढळते. म्हणजे तुमच्या वयाच्या, धडधाकट असलेल्या दर दोन माणसांपैकी एकाचा अहवाल तुमच्यासारखाच येऊ शकतो. 'मणक्यात गॅप आली आहे' हे वाक्य ऐकल्यापासून वाकणे, उचलणे, चालणे सोडून दिलेली कितीतरी माणसे माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या कंबरेचे नुकसान चकतीपेक्षा त्या भीतीने अधिक केलेले असते. मला हे पाहून दर वेळी वाईट वाटते, कारण हे टाळता येण्यासारखे आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते पाहू. कंबरेत नुकतीच उसण भरली असेल, तर बहुतेकांचे दुखणे सहा आठवड्यांत बरेच कमी होते. तिथे मी सुयांची घाई करत नाही, शेक, हलकी हालचाल आणि धीर एवढे बहुधा पुरते. दुखणे मांडीतून पोटरीकडे उतरत असेल, खोकताना किंवा शिंकताना पायात कळ जात असेल, तर शीर दबलेली असण्याची शक्यता असते. अशा सायटिकामध्ये सुयांनी आराम पडतो पण तो बेभरवशाचा असतो आणि पायाची ताकद पुन्हा पुन्हा तपासत राहावी लागते. सकाळी उठल्यावर कंबर अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहत असेल, विश्रांतीने वाढत आणि हालचालीने कमी होत असेल, आणि दुखणे चाळिशीच्या आत सुरू झाले असेल, तर मी आधी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवते, कारण तो मणक्यांच्या दाहाचा आजार असू शकतो आणि त्याची औषधे वेगळी आहेत. तुमचे दुखणे दिवसभर बसल्यावर वाढते आणि चालल्यावर सैल पडते, पण सकाळी आखडलेपणा नसतो, असे तुम्ही लिहिले आहे. ही मला नेहमीच्या, साध्या कंबरदुखीचीच लक्षणे वाटतात. प्रत्यक्ष तपासणीशिवाय याहून ठामपणे बोलणे योग्य होणार नाही.

काही रुग्णांना मात्र मी तपासणीच्या टेबलावरूनच परत पाठवते, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने हा भाग लक्षात ठेवावा. लघवी तुंबणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा येणे, पाऊल उचलताना लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायला हवे. तिथे काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो. रोज संध्याकाळी येणारा बारीक ताप, कारण नसताना घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा साठी ओलांडलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या बाईची कंबर नुसत्या धक्क्याने दुखू लागली असेल, तर आधी फोटो आणि रक्त तपासणी. अशा रुग्णाला सुयांनी दोन आठवडे बरे वाटले तर ते त्याचे दुर्दैव ठरते, कारण तेवढे दिवस निदान लांबते.

तुमच्यासारख्या रुग्णासाठी मी काय करते ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. पहिल्या भेटीत सुया नसतात. वाकणे, वळणे, एका पायावर उभे राहणे, खुर्चीतून उठणे आणि पायांची ताकद, संवेदना तपासून होते. मग रुग्णाने स्वतःच तीन कामे निवडायची, जी दुखण्यामुळे अडली आहेत: सलग किती मिनिटे बसता येते, मोजे घालायला वाकता येते का, रात्री कूस बदलताना जाग येते का, अशी साधी कामे. ती वहीत लिहून ठेवायची. 'दुखणे दहापैकी किती' एवढेच विचारले तर उत्तर त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे बदलते. 'काल 20 मिनिटे बसलो, आज 45' हे सहसा फसवत नाही.

सिटिंग साधारण अर्ध्या तासाचे असते. सुया केसासारख्या बारीक, निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असतात. पाकीट तुमच्यासमोर फोडलेले असावे आणि वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात जाव्यात. कंबरेच्या दोन्ही बाजूंचे बिंदू, नितंबातले दाबल्यावर दुखणारे बिंदू, आणि गुडघ्यामागच्या खळग्यातला एक बिंदू हे माझ्या नेहमीच्या वापरातले आहेत. सुई टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते आणि नंतर तिथे जडपणा किंवा ठणक जाणवते. काही वेळा सुयांना अगदी सौम्य विद्युत प्रवाह जोडते. पेसमेकर असलेल्यांना तो कधीही देत नाही.

धोके कमी आहेत, पण आहेत. जर्मनीतच 2,29,230 रुग्णांची नोंद ठेवली गेली तेव्हा 8.6 टक्के लोकांनी एखादा तरी त्रास सांगितला. त्यात बहुतेक बारीक रक्तस्राव, काळेनिळे डाग आणि तात्पुरते दुखणे होते. फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरण्याचा गंभीर प्रकार त्या सगळ्यांत दोघांना झाला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगावे. उपाशीपोटी येऊ नये, हेही मी आग्रहाने सांगते. चतुर्थीचा किंवा एकादशीचा कडक उपवास करून आलेल्यांना सुया टोचल्यावर घेरी येते, असे वारंवार दिसते.

आता मी ज्याला सर्वांत जास्त महत्त्व देते ते. सुयांनी दुखणे कमी झाले की काही दिवसांची एक संधी मिळते. त्या दिवसांत कंबर हलवायला भीती वाटत नाही, झोप लागते, स्नायू ताणून धरलेले नसतात. ही संधी व्यायामासाठी वापरली तर पुढे सुयांची गरज उरत नाही. ती नुसती पडून राहण्यात घालवली तर दोन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा पहिल्या दिवसासारखा कंबर धरून येतो. माझ्या अनुभवात ज्यांना टिकाऊ फरक पडला, त्यांच्यात आणि इतरांत हाच भेद ठळक दिसतो. मी सुया कुठे टोचल्या याने तितका फरक पडलेला मला दिसलेला नाही.

व्यायाम अवघड नसावेत. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, म्हणजे सेतुबंधासनाचाच सोपा प्रकार; हातापायांवर रांगण्याच्या स्थितीत येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ करणे, मग उलट; आणि पाठ सरळ ठेवून नितंबांतून वाकण्याचा सराव, हे तीन आधी पुरेत. त्याबरोबर चालणे. 2024 साली ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांवर अभ्यास झाला. त्यात हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याच्या कार्यक्रमाने, थोड्या समजावणीच्या जोडीने, निम्म्या लोकांचे दुखणे परत येईपर्यंतचा कालावधी 112 दिवसांवरून 208 दिवसांवर गेला. यासाठी एक पैसा लागत नाही. तुम्हाला तळजाई जवळ आहे. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर 15 मिनिटे, मग टेकडीची चढण, आणि सिंहगडाचा विचार दोन-तीन महिन्यांनी. दुचाकीचा प्रवास आठवड्यातून दोन दिवस जरी कंपनीच्या बसने करता आला तर खड्ड्यांचे हादरे तेवढे कमी होतील, आणि ऑफिसात दर 40 मिनिटांनी उभे राहणे हे महागड्या खुर्चीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

ढोलाबद्दल. ढोल कंबरेला बांधला की त्याचे सगळे ओझे पुढे येते, ते तोलायला माणूस मागे झुकतो, आणि त्याच स्थितीत तासन्‌तास कंबरेतून पिळे देत वाजवतो. आठ महिने दुखणाऱ्या कंबरेने एकदम हे करू नये, पण कायमचे सोडून द्यावे असेही मी म्हणणार नाही. सराव सुरू व्हायला वेळ असेल तर तोपर्यंत वरचे व्यायाम नियमित करा. मग पहिल्या आठवड्यात 10-15 मिनिटे ढोल बांधून फक्त उभे राहा आणि चाला, त्यानंतर वाजवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले नसेल तरच वेळ वाढवा. विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत सलग तासभर वाजवणे जमत नसेल तर यंदा पथकात ताशा किंवा झांज घ्या. आराम पडला म्हणून मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सुया टोचून घेऊन ढोल बांधणारे लोक दर वर्षी भेटतात. दुखणे दबलेले असताना ताण किती पडतो आहे हे कळत नाही, म्हणून मी तशा वेळी सुया टोचायला नकार देते.

शेवटचा प्रश्न 20 सिटिंग्जच्या पैशांचा. ते आधी भरू नका. समोरच्या व्यक्तीची नोंदणी विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मग आठवड्यातून दोन याप्रमाणे सहा सिटिंग्ज ठरवा आणि प्रत्येक वेळचे पैसे त्या त्या वेळी द्या. वहीतल्या तीन कामांपैकी निदान एकात सहाव्या सिटिंगपर्यंत स्पष्ट फरक दिसला, तर आणखी चार ते सहा घ्या आणि मधले अंतर वाढवत थांबा. फरक दिसला नाही, तर ती पद्धत तुमच्यासाठी नाही असे समजून तिथेच थांबा; उरलेल्या पैशांत व्यायाम नीट शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे चार-पाच वेळा जाता येईल, आणि तीन महिन्यांनीही काहीच हलले नाही तर एमआरआय आणि ती वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा.